शकूच्या कानातला ठोका

माझी जाऊ शकू हिचं नाव काढलं की लोक आधी तिच्या हाताबद्दल बोलतात. हमरापुरात आमचा गणपतीचा कारखाना आहे आणि मूर्तीचे डोळे काढायचं काम, ज्याला आम्ही आखणी म्हणतो, ते तिच्याकडे. पण मी तिच्या कानाबद्दल सांगणार आहे. त्या कानानं गेल्या वर्षी आमच्या सगळ्या घराचा जीव टांगणीला लावला होता.

मी नूतन, थोरली जाऊ. माझं तोंड फाटकं आहे असं सासरचे म्हणतात. म्हणोत बापडे. ह्या घरात कुणीतरी बोलायलाच हवं, कारण शकू बोलत नाही. ती रोह्याकडची, खांबजवळच्या एका गावातली. भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातली पोर, लग्न होऊन आली तेव्हा ब्रश कसा धरतात हे ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी तिला मूर्त्यांवरची धूळ झटकायला बसवलं. ही काय करायची, तुटक्या मूर्त्यांची तोंडं गोळा करून मागच्या पडवीत न्यायची आणि त्यांच्यावर डोळे काढत बसायची. काढायचे, पुसायचे, परत काढायचे. मला वाटलं, पोरीला माहेरची आठवण येते म्हणून एकटी बसते. एक दिवस सासूबाई मागं गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. बाहेर आल्या त्या शकूच्या हातात चांगला ब्रश देऊनच. आता मुंबईचे व्यापारी फोन करतात तेव्हा विचारतात, डोळे ताईंचेच ना? आणि ती शेजारी बसलेली असली तरी ‘हो’ मलाच म्हणावं लागतं.

तर गेल्या वर्षी होळी झाल्यानंतरची गोष्ट. दुपारची लाईट गेली होती. कारखाना गप्प, पंखे बंद, आम्ही दोघी घामानं निथळत बसलेलो. शकू मला म्हणाली की तो कॉम्प्रेसर जरा बंद करायला सांग, डोकं उठलंय. आमच्याकडे रंग फवारायला कॉम्प्रेसर असतो, तो दिवसभर धडधडतो. मी म्हटलं, गो, लाईटच नाय तर कॉम्प्रेसर कुठून चालंल? तिनं मान वळवून बघितलं. मशीन बंद होतं हे तिला दिसत होतं, तरी तिचा विश्वास बसेना. मी हसले. म्हटलं, तुझ्या कानातच मशीन बसवलंय वाटतं. ती नाही हसली.

मग हळूहळू लक्षात आलं की ती फोन नेहमी डाव्या कानाला लावते. उजव्या बाजूनं हाक मारली तर वळत नाही. विचारलं तर म्हणाली, जड वाटतं थोडं, धूळ गेली असंल. आता आमच्या कारखान्यात धूळ काय कमी? प्लास्टरची भुकटी जेवणाच्या ताटापर्यंत येते. मी म्हटलं पेणला कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. ती म्हणाली सीझन झाल्यावर जाऊ. आमच्याकडे सगळंच सीझन झाल्यावर होतं, लग्नंसुद्धा.

तिचा नवरा निलेश, माझा धाकटा दीर, हा कोरणीचा माणूस. साच्यातून निघालेल्या मूर्तीवर मुकुटाची नक्षी, दागिने, बोटांची नखं साफ करायची ती कोरणीनं. बारीक पोलादी हत्यार, टोक सुईसारखं. मूर्तीवर कुठं रंगाचा थेंब वाळून बसला तरी आमच्याकडे कुणी पुसत बसत नाही. निलेशला हाक मारतात, तो कोरणीचं टोक थेंबाच्या कडेखाली घालतो आणि सालीसारखा उचलून काढतो. खालच्या रंगाला ओरखडाही नाही. ह्या कामात त्याचा हात धरणारा आमच्या गावात कुणी नाही, आणि हे तो स्वतःही जाणून होता, हीच तर पंचाईत.

त्यानं ऑनलाईन कान बघायचा कॅमेरा मागवला. पेनाएवढी दांडी, टोकाला दिवा, चित्र मोबाईलवर दिसतं. एका रविवारी जेवणं झाल्यावर त्यानं शकूला पाटावर उशी देऊन आडवं केलं आणि कान बघितला. आम्हा सगळ्यांना बोलावून दाखवलं. आत खोलवर, कानाच्या पडद्यामागं, लालभडक काहीतरी चकाकत होतं. निलेशनं लगेच निकाल दिला, रंग आहे. दिवाळीनंतर एका मंडळाच्या मोठ्या मूर्तीखाली आडवी होऊन शकू पितांबराचा काठ रंगवत होती, तेव्हा वरून लाल रंग तिच्या कानात गळला होता. तो वाळून बसलाय. सगळ्यांना पटलं. आमच्या घरात लाल दिसलं की रंगच आठवतो.

मी म्हटलं उद्या पेणला दाखवू, तोवर कुणी हात लावू नका. निलेश हो म्हणाला. मी दूध बघायला आत गेले. चुलीपाशी उभी असतानाच बाहेर पाट सरकल्याचा आवाज आला आणि मग निलेशची हाक आली, वयनी. एवढंच. तसा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

शकू उठून बसली होती. कानातून रक्त येत होतं आणि ते नुसतं गळत नव्हतं, उसळून येत होतं, थांबून परत उसळत होतं. मानेवरून ब्लाऊज भिजत चाललेला. निलेशच्या हातात कोरणी तशीच होती. मी धुतलेला पंचा घेतला, घडी करून कानावर दाबला आणि दुसऱ्या हातानं कोरणी त्याच्याकडून हिसकून भिरकावली. काय बोलले ते आता सांगत नाही, देवघर इथून जवळ आहे. माझ्या नवऱ्यानं, प्रविणनं, टेम्पो काढला. पेणपर्यंत मी पंचा दाबून धरला होता. तो गरम व्हायचा, मी घडी बदलायचे, परत गरम व्हायचा. शकू शुद्धीवर होती. माझ्या मांडीवर डोकं टेकून एकटक समोर बघत होती. निलेश समोर बसून एकच गोष्ट पुटपुटत होता, माझा हात कधी सुटत नाय, माझा हात कधी सुटत नाय. मला त्याची दया येत नव्हती, राग येत होता, आणि भीती रागाहून मोठी होती. ही माझ्या मांडीवरच जाते की काय असं मला वाटत होतं.

पेणला कानाच्या डॉक्टर मृणाली मॅडम आहेत. वयानं लहान, बोलायला मऊ, पण त्या दिवशी त्यांनी एक शब्द जास्त वापरला नाही. औषधात भिजवलेली पट्टी त्यांनी कानात ठासून ठासून भरली. बराच वेळ आम्ही सगळे त्या पट्टीकडे बघत उभे होतो. ती लाल झाली, पण मग तिथंच थांबली. मॅडमनी हातमोजे काढले आणि विचारलं, कानात कुणी काय घातलं होतं?

निलेशनं तोंड उघडलं. त्याच्या आधी शकू बोलली. "मीच. केसातली पिन घातली खाजवायला."

मी तिच्याकडे बघतच राहिले. ही बाई केसांना रबर लावते, पिन हिच्या जन्मात नाही. मी काही म्हणणार तोच तिनं माझं मनगट धरलं आणि नखं रुतवली. निलेश भिंतीला टेकला होता, तो तसाच खाली बसला.

मॅडमनी पिनेबद्दल पुढं काही विचारलं नाही. आवाज येतो का कानात, विचारलं. शकू म्हणाली येतो, दोन वर्षं झाली, मला कॉम्प्रेसर वाटायचा. मॅडमनी तिच्या एका हाताची नाडी धरली आणि सांगितलं, कानात जसा ठोका येतो तसं दुसऱ्या हाताच्या बोटानं टेबलावर वाजवा. शकूचं बोट वाजायला लागलं. मॅडम नाडीच्या प्रत्येक ठोक्याला मान हलवत होत्या, आणि मान आणि बोट एकाच वेळी हलत होतं. तिला दोन वर्षं स्वतःचंच काळीज ऐकू येत होतं आणि ती लाईट गेली तरी मशीन बंद करा म्हणत होती.

मग त्यांनी समजावून सांगितलं. पडद्यामागं कानाच्या आतल्या पोकळीत रक्तवाहिन्यांची गाठ असते कधीकधी, ग्लोमस म्हणतात. फार कमी लोकांना होते, बायकांना जास्त. कॅन्सर नव्हे, मुंगीच्या पावलानं वाढते. पण ती सगळी रक्तानंच भरलेली, म्हणून तिला चुकूनही टोचायचं नाही. डॉक्टरसुद्धा तिचा तुकडा तपासायला काढत नाहीत, फोटोवरूनच ओळखतात. तुमचं नशीब, म्हणाल्या, रक्त थांबलं. खाली बसलेल्या निलेशनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पुढचे दिवस मुंबईच्या वाऱ्या. सीटी स्कॅन झाला, एमआरआय झाला. गाठ ब्लडप्रेशर वाढवणारं काही सोडत नाही ना म्हणून लघवीची तपासणी झाली. दुसरा कान आणि गळाही बघितला, कारण ह्या गाठी एकीला दुसरी सोबत घेऊन येतात कधी. घराण्यातही चालतात म्हणून रोह्याहून तिच्या भावाला, विठूला, बोलावून तपासलं. तो बिचारा घाबरून आमच्याआधी हॉस्पिटलात येऊन बसला होता. त्याला काही नव्हतं. शकूला एकच गाठ होती, वाटाण्याएवढी.

तिथल्या मोठ्या सर्जननी आम्हाला कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र दाखवलं. तोंड हलवणारी नस कानातूनच जाते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. हसायला, पापणी मिटायला, पाणी प्यायला, सगळ्याला तीच एक नस. शकूच्या कानात त्या नसेवरचं हाड जन्मतःच पातळ होतं आणि गाठ तिला चिकटून होती. डॉक्टर म्हणाले, एरवी इतक्या लहान गाठीवर नुसती नजर ठेवून थांबता आलं असतं. पण आता पडदा फाटलाय, जखम गाठीला आणि नसेला धरून आवळत चाललीय, परत रक्त सुटू शकतं. काढावी लागेल. जीवाला धोका कमी, पण चेहरा वाकडा होण्याची भीती आहे. "पिन फार खोल गेली होती," म्हणाले. निलेश माझ्या शेजारीच बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, मला बघवलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मांडीतून बारीक नळी घालून गाठीकडे जाणाऱ्या रक्ताची वाट बंद करायची होती, म्हणजे दुसऱ्या दिवशी रक्त कमी जाईल. शकूला आत नेण्याआधी आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, का खोटं बोललीस गो? ती म्हणाली, "डॉक्टर त्यांना बोलली असती. त्यांनी मनाला लावून घेतलं असतं आणि हत्यार परत धरलं नसतं. मला काय, मला बोलणी खायची सवय हाय." मी तिला चांगली झापली. म्हटलं, तुझं तोंड वाकडं होणार आणि तू त्याच्या हाताची काळजी करतेस? मग मी बाहेर जाऊन रडले.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ सगळी निघाली, पडदाही शिवला. दुपारी शुद्धीवर आली तेव्हा पहिलं वाक्य म्हणाली, बंद झाला. मला समजायला वेळ लागला. ठोका बंद झाला होता. मी हसले, ती हसायला गेली, आणि तिचं अर्धंच तोंड हसलं. उजवी बाजू जागची हलली नाही. उजवा डोळा मिटेना.

डॉक्टर म्हणाले नस तुटलेली नाही, सुजलीय, मार बसलाय तिला. वाट बघायची. दोन-तीन महिन्यांत हालचाल दिसली तर परत येईल. नाही दिसली, तर मग आशा कमी. डोळ्यात दिवसभर थेंब, झोपताना चिकटपट्टी, आणि आरशासमोर बसून भुवया उचलायचा, गाल फुगवायचा व्यायाम.

धूळ जखमेला चालत नाही म्हणून तिला रोह्याला विठूकडे ठेवलं. इकडं सीझन तोंडावर आलेला. डोळे नसलेल्या मूर्त्या ओळीनं उभ्या, व्यापाऱ्यांचे फोन, आणि निलेश त्या मूर्त्यांसमोर हात मांडीवर ठेवून बसलेला. कोरणीला शिवत नव्हता. रोह्याला जात नव्हता. औषधं, फळं प्रविणच्या हाती पाठवायचा आणि तो परत आला की विचारायचा, डोळा मिटतो का? प्रविण नाही म्हणायचा. मग हा उठून मागं निघून जायचा.

मी एक दिवस गाडीनं रोह्याला गेले. शकू ओट्यावर बसून चूळ भरत होती आणि पाणी उजव्या कोपऱ्यातून हनुवटीवर गळत होतं. मला बघून तिनं पदर ओढून घेतला. माझ्यापासून तोंड लपवते म्हणून मला इतकं वाईट वाटलं. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग तिनं विचारलं, "ताई, खरं सांग. माझं तोंड बघवत नाय ना ह्यांना?"

मी म्हटलं, सीझन आहे, कामं आहेत. ती म्हणाली, व्हय. तिला ते पटलं नाही आणि मलाही खोटं नीट जमलं नाही. गाडीत बसले तेव्हा माझा पारा असा चढला होता की समोरच्या बाईनं खिडकीजवळची जागा मला सोडून दिली.

घरी आले ती सरळ कारखान्यात. निलेशला उभा केला आणि जे तोंडाला येईल ते सुनावलं. दोन-तीन कारागीर होते, ते ब्रश ठेवून बाहेर गेले. त्यानं सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. शेवटी मी म्हटलं, "ती समजते तुला तिचं तोंड बघवत नाय."

त्यानं मान वर केली. "वयनी, मला माझं तोंड दाखवायचं नाय तिला."

मी बसले तिथंच प्लास्टरच्या गोणीवर. मग एवढंच सांगितलं, की डॉक्टरांनी दिलेले दोन-तीन महिने होत आलेत, पुढच्या आठवड्यात मृणाली मॅडमकडे कान दाखवायचाय, विठू तिला गाडीनं आणील, आणि स्टेशनवर तू उभा दिसला नाहीस तर मी तुला त्या साच्यात घालून ओतीन.

तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला, लग्नाला निघाल्यासारखा. शकू गाडीतून उतरली ती तोंडाला ओढणी गुंडाळून. दोघं एकमेकांकडे बघेनात. स्टेशनपासून दवाखान्यापर्यंत मी आणि विठूच बोलत होतो, तेही पावसाबद्दल. मला सारखं वाटत होतं, आज जर मॅडम म्हणाल्या की आता नाही हलायचं, तर ही दोघं अशीच एकमेकांकडे न बघता म्हातारी होतील.

मॅडमनी आधी कान बघितला. पडदा छान जुळून आलाय म्हणाल्या, ऐकू येणं वाढेल. मग ओढणी काढायला सांगितली. शकूनं काढली. निलेश खुर्चीच्या कडेला बसला होता, त्यानं बघितलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. मॅडम म्हणाल्या, भुवया उचला. डावी उचलली. गाल फुगवा. हवा उजवीकडून फुस्स निघून गेली. मॅडम कागदावर लिहायला लागल्या.

तेवढ्यात निलेश उभा राहिला. हात जोडले. घसा साफ करायला गेला तर खोकलाच आला, डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहायला लागलं, इस्त्रीच्या बाहीला पुसलं. आणि शाळेत मास्तरांसमोर उभं राहिल्यासारखा म्हणाला, "मॅडम, ती पिन नव्हती. मी होतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मला त्याच दिवशी कळलं होतं. स्वतःच्या कानात इतकी सरळ जखम कुणाला करता येत नाही. मी वाट बघत होते, तुम्ही कधी सांगताय."

निलेश तसाच हात जोडून उभा. आता बसावं की उभं राहावं हेही त्याला सुचत नव्हतं. आणि शकू हसली. आधी नाकातून हसली, मग आवरेना, पोट धरून हसायला लागली. पिन नव्हती मी होतो, असं स्वतःशीच म्हणून परत हसली. मी तिला गप्प करायला वळले आणि माझा हात हवेतच राहिला. तिच्या ओठाचा उजवा कोपरा वर गेला होता. फार नाही, जेमतेम, थरथरत. पण वर गेला होता.

मॅडम खुर्चीतून उठून तिच्यासमोर आल्या. "शकुंतलाबाई, डोळे मिटा. घट्ट."

तिनं मिटले. डावा मिटला. उजवी पापणी खाली आली, थोडी अडली, मग टेकली. दोन्ही पापण्यांखालून पाणी वाहायला लागलं. निलेशनं तिच्यासमोर गुडघ्यावर बसून तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आम्ही सगळे बघत असताना, आणि तिनंही त्याचे हात बाजूला केले नाहीत.

मी बाहेर येऊन प्रविणला फोन लावला. तो विचारत राहिला, काय झालं, नूतन, बोल ना, डॉक्टर काय म्हणाल्या. आणि मला बोलताच येईना.